सेफ्टीकाकांचं फ्रेंच

बाळांनो,

परवा तुमच्या बाबाचा फोन आला. आपल्या रेवाला तिथे कॅनडात शाळेच्या फ्रेंच इमर्शन वर्गात जागा मिळाली हे सांगताना त्याचा आवाज असा चढला होता, जणू परीक्षा त्यानेच दिली आहे. सरकारी शाळा, फी नाही, आणि पहिलीपासून सगळं फ्रेंचमधून. नोंदणी उघडायची त्या सकाळी तो चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरसमोर बसला होता म्हणे, आणि चहा तसाच निवून गेला. मी अभिनंदन केलं. मग तो म्हणाला, "आई, मला सेफ्टीकाका आठवले." मलाही तेच आठवले होते. पण आनंदाच्या फोनवर त्यांचा विषय काढायला जीभ उचलेना.

म्हणून लिहायला बसले. आयुष्यभर मी इंग्रजी शिकवलं, तुम्हालाही एरवी इंग्रजीतच लिहिते. पण हे मराठीत लिहिते आहे. अडलं तर बाबा वाचून दाखवेल.

दुबईत करामा नावाच्या वस्तीत आम्ही राहायचो. तीन-चार मजल्यांच्या जुन्या बिल्डिंगा, खाली उडप्याचं हॉटेल, लाँड्री, भाजीवाला. जिन्यात उभं राहिलं की कुणाकडे सांबार आहे आणि कुणाकडे सुकट, ते वासावरून कळायचं. तुमचा बाबा तेव्हा शाळेत होता. आमच्या समोरच्या दारात सेफ्टीकाका, त्यांची बायको आणि त्यांची एकुलती एक मुलगी सई. काका एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते, म्हणून बिल्डिंगमधल्या पोरांनी त्यांना ते नाव दिलं. नाव कळल्यावर ते रागावले नाहीत. म्हणाले, "पोरांच्या तोंडात दिवसातून दहादा सेफ्टी शब्द येतो, हे काय वाईट आहे?"

दिसायला किडकिडीत. ऑगस्टच्या उकाड्यात, डांबर मऊ पडतं तेव्हाही, लांब बाह्यांचा शर्ट आणि गळ्यापर्यंत बटणं. गळ्यात दोरीला एक शिटी. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा चपला काढायच्या आधी त्यांनी विचारलं, "वहिनी, बाहेर पडायला दुसरी वाट कुठून आहे?"

मी म्हटलं, "अहो, आधी आत तर या."

दुसरी वाट नव्हती. मग ते सोफ्यावर बसलेच नाहीत. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलून त्यांनी दाराला लागून ठेवली आणि तिथे बसून ताट मांडीवर घेऊन जेवले. पुढे जेव्हा जेव्हा आले तेव्हा त्याच खुर्चीवर, त्याच जागी. मी ती खुर्ची तिथेच ठेवायला लागले.

गणपतीत आमच्या घरी आरतीला सगळी बिल्डिंग यायची. काका वाळूची बादली घेऊन पडद्यापाशी उभे राहायचे. निरांजन फिरायला लागलं की त्यांची नजर ज्योतीवर आणि हात बादलीच्या कडीवर. आरती संपली की आधी वातीकडे बघायचे, मग गणपतीकडे. तुमचे आबा त्यांना चिडवायचे, "काय हो, बाप्पावर विश्वास नाही वाटतं?"

"बाप्पावर आहे हो. पडद्यावर नाही."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "दार आधी बघून ठेवावं, मग बसावं." आणि दुसरं, जे ऐकून सगळे विषय बदलायचे: "ही साइट आहे. साइटवर कुणी घर बांधत नाही." म्हणजे काय, ते तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिथे कितीही वर्षं काढली तरी नोकरी आहे तोवर व्हिसा, आणि व्हिसा आहे तोवर घर. शुक्रवार तिथला सुट्टीचा वार; आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, माणसाला ऑफिसात बोलावून व्हिसा कॅन्सल केल्याचं सांगत आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या दारासमोर खोके दिसत. आम्ही सगळे ते विसरून पडदे शिवायचो, सोफे घ्यायचो. काकांच्या घरी पडदे नव्हते. जुन्या चादरी अडकवल्या होत्या.

हा माणूस असा का झाला, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. एका शुक्रवारी त्यांनी आबांना सांगितलं, त्याच दारालगतच्या खुर्चीवर बसून. त्यांच्या एका साइटवर परांचीवर चढलेला एक तेलुगू मजूर खालच्यांना ओरडून सांगत होता, की बाजूची फळी सुटली आहे, तिच्याखाली उभे राहू नका. खाली एक पठाण होता आणि दोन बंगाली. त्यांना तेलुगू कळेना. त्यांना वाटलं, वरचा थट्टा करतोय. ते हसून त्याला हात करत राहिले. फळी पडली आणि एक जण गेला. तो वरचा माणूस नंतर दिवसभर एकच सांगत होता, "मी बोललो होतो. मी बोललो होतो." तेही तेलुगूतच. दुभाष्या मिळेपर्यंत पोलिसांनाही ते कळलं नाही.

"तेव्हापासून ही शिटी," काका म्हणाले. "आणि तेव्हापासून एक गोष्ट पक्की कळली. भाषा म्हणजे हेल्मेट आहे. ज्या जागी जायचं, तिथलं हेल्मेट आधी घालायचं, मग आत पाय टाकायचा."

तर, कॅनडा. त्या दिवसांत आखातातली निम्मी मराठी कुटुंबं कॅनडाच्या कागदांच्या मागे लागली होती. काकांनी अर्ज केला तेव्हा सई बालवाडीत होती. ऑफिसातल्या कुणाचा तरी भाऊ तिकडे गेला होता, त्याच्याकडून त्यांना कळलं की तिथल्या सरकारी शाळेत फ्रेंचमधून शिकवणारा एक वर्ग असतो. पहिलीत आत घेतात. त्या वर्गातून निघालेल्या मुलांना दोन्ही भाषा येतात, आणि दोन्ही भाषा येणाऱ्यांना सरकारी नोकरी मिळते.

"सरकारी नोकरी म्हणजे काय, वहिनी?" ते मला म्हणाले. "गुरुवारी दुपारी कुणी बोलावून घेणार नाही."

तुम्हाला हे विनोदी वाटेल. सहा वर्षांच्या मुलीला शाळेत घालताना कुणी तिच्या नोकरीचा आणि निवृत्तीचा विचार करतं का? पण ज्याच्या पायाखाली जन्मभर भाड्याची जमीन, तो माणूस असाच विचार करतो. सईचा तो वर्ग म्हणजे त्यांच्या हिशेबी तिचं घर होतं. तिथून तिला कुणी ऊठ म्हणणार नव्हतं.

फाइल मात्र हलेना. कधी पोलिसांचा दाखला, कधी मेडिकल, कधी नुसतंच "थांबा". सई सहा वर्षांची झाली, सात वर्षांची झाली, करामातच. पहिलीचं दार गेलं. त्या दिवसांत काका जिन्यात भेटले तर शिटीशी चाळा करत उभे असायचे. मग कुठूनसं त्यांना समजलं, की त्या वर्गाला चौथीत आणखी एक दार असतं. दुसरं दार. काकांचा चेहरा कसा उजळला असेल, ते मी सांगायला नको.

त्यानंतर त्या घरात फ्रेंच शिरलं.

आधी कॅसेटी आल्या. सकाळी दाढी करताना, संध्याकाळी जेवताना, एक बाई आणि एक बुवा फ्रेंचमध्ये एकमेकांना हॉटेलची वाट विचारायचे. काका मागोमाग म्हणायचे, भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायचं. सदाशिव पेठेतून आलेलं फ्रेंच होतं ते, प्रत्येक अक्षराचा ठणठणीत उच्चार. मग लिफ्टमध्ये, जिन्यात, मीटरच्या पेटीवर फ्रेंच शब्दांच्या चिठ्ठ्या लागल्या. बिल्डिंगचा रखवालदार, त्याला तिथे नातूर म्हणत, आमचा नातूर पेशावरकडचा होता. तो कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "साब, अरबी लिखा है, अंग्रेजी लिखा है. अब ये कौन पढ़ेगा?"

"मेरी बेटी पढ़ेगी."

"बेटी का घर तो उधर है साब, ये तो लिफ्ट है," नातूर म्हणाला, आणि चिठ्ठ्या काढून टाकल्या. दुसऱ्या दिवशी त्या परत लागल्या.

त्यांच्या कंपनीत एक ट्युनिशियाचा स्टोअरकीपर होता, पोट सुटलेला, हसरा. त्याचं शिक्षण फ्रेंचमधून झालं होतं. काका त्याला शुक्रवारी पुरणपोळीचं आमिष दाखवून घरी आणायचे आणि सईशी बोलायला बसवायचे. तो एकदा आबांना म्हणाला, "हा माझा मित्र फ्रेंच बोलतो ना, ते ऐकून मला माझ्या शाळेची अजिबात आठवण येत नाही. अल्लाचे उपकार." मग हसू आवरून काकांकडे वळला, "यल्ला हबीबी, खलास, बास झालं आता. पोरीला खाली खेळायला सोड."

काकांनी सोडलं नाही. त्यांनी नियमच केला: संध्याकाळी ते कामावरून आले आणि शिटी वाजली, की घरात फक्त फ्रेंच. आगीची जशी ड्रिल असते, तशी ही ड्रिल. सुरुवातीला तासभर होती. पुढे शिटी वाजवायची गरजच राहिली नाही, सगळा दिवसच ड्रिल झाला. सईने मराठी शब्द काढला तर काका ओरडायचे नाहीत, मारायचे तर मुळीच नाहीत. नुसते बोट वर करून थांबायचे, ती योग्य शब्द शोधेपर्यंत. कितीही वेळ.

आणि काकांची बायको? काका मला वहिनी म्हणत, तशी मी तिला वहिनी म्हणायचे. सईची आई मिरजेची. हसतमुख, बोलकी, गाण्याचं अंग असलेली. तिला मराठी येई, कामापुरतं हिंदी येई. फ्रेंच तिच्या वाट्याला नव्हतंच. काका म्हणायचे, "तू बोलू नकोस, तिचं मिक्स होईल." त्यामुळे ती स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकीशी, खुणांनी बोलायची. वेणी घालताना मान धरून वळवायची. ताट पुढे सरकवायची. त्या घरात मी वाटी द्यायला गेले की मला एखाद्या दवाखान्यात आल्यासारखं वाटायचं.

मग एक दिवस सई आमच्याकडे आली. वाटी परत करायला म्हणून. मी पोळ्या लाटत होते. ती ओट्याखाली फरशीवर बसली, गुडघे पोटाशी घेतले, आणि बोलायला लागली. मराठीत. शाळेतल्या कुठल्या मुलीने कुणाची पेन्सिल मोडली, कबुतराने एसीवर अंडं घातलंय, अरबीच्या मिस हसतात तेव्हा दात दिसत नाहीत. श्वास न घेता बोलत होती. तेवढ्यात दारात वहिनी, तिला बोलवायला आलेली. तिने ऐकलं. बोलवलं नाही. हळूच आत आली आणि सईच्या शेजारी फरशीवर बसली.

त्यानंतर हे रोजचंच झालं. काका यायच्या आधी, दुपारी, आधी सई यायची, मग तिच्या मागून तिची आई. समोरासमोरच्या दोन दारांमधून दोघी माझ्या स्वयंपाकघरात यायच्या आणि एकमेकींशी बोलायच्या. मी माझं काम करत राहायचे. कधी वहिनी गाणं म्हणायची, कधी सईच्या केसांना तेल लावायची आणि लावता लावता तिला मिरजेच्या गोष्टी सांगायची. आगीची ड्रिल होते तेव्हा सगळ्यांनी जमायची एक जागा असते, असेंब्ली पॉइंट म्हणतात तिला. तुमचा बाबा एकदा शाळेतून आला, दोघींकडे बघितलं आणि मला म्हणाला, "आई, अवर किचन इज देअर असेंब्ली पॉइंट." मी त्याला गप्प बस म्हटलं. वहिनीला इंग्रजी कळलं नाही, सईला कळलं. ती हसली नाही.

काकांना हे ठाऊक होतं का? तेव्हा मला वाटायचं, नसावं.

फाइल शेवटी हलली, सई चौथीत जायच्या बेताला. काका पेढे घेऊन आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, आता तुमची मदत. इंटरव्ह्यूची."

ते धरूनच चालले होते, की इतक्या चांगल्या वर्गात घेतात म्हणजे मुलाखत असणार. आईबापांचीसुद्धा असणार. आपल्याकडे मुंबई-पुण्यात होते, दुबईतल्या आपल्या शाळांत होते. ज्या घरी ती भाषा नाही, त्या घरच्या मुलाला नाकारतात. आम्ही सगळेच असे शाळेत शिरलो आणि अशीच पोरं शाळेत घातली, त्यामुळे ह्यात चूक असू शकेल असं कुणालाच वाटलं नाही. मला इंग्रजी येतं आणि माझा चष्मा मुख्याध्यापिकेसारखा आहे, म्हणून मुख्याध्यापिका मी. टेबलापलीकडे काका, सई, वहिनी, इस्त्रीच्या कपड्यांत.

"वेलकम," मी म्हटलं. "घरी तुम्ही कुठली भाषा बोलता?"

"फ्रेंच," काका म्हणाले. "ओन्ली फ्रेंच, मॅडम." मग सईकडे बघितलं.

"फ्रेंच," सई म्हणाली.

मी वहिनीकडे वळले. ती घाबरून म्हणाली, "ताई, मी काय म्हणू?"

"तू काही म्हणायचं नाहीस," काका म्हणाले. "तू फक्त हसायचं."

वहिनी हसली. आम्ही पुन्हा सुरुवातीपासून केलं. ती पुन्हा हसली. सराव करून करून तिचं हसू इतकं चोख झालं होतं, की माझ्याने पुढचा प्रश्न विचारवेना.

निघायच्या दिवशी खाली टॅक्सी उभी होती. काका सिलिंडरचा रेग्युलेटर चौथ्यांदा बघायला आत गेले होते. वहिनी जिन्यात माझा हात धरून उभी होती. तिने विचारलं, "ताई, तिकडे समोर दार असतं का हो?"

मी म्हटलं, "असेल की. असतंच."

दोन हिवाळे गेले असतील. एका शुक्रवारी दुपारी दार वाजलं आणि बघते तर काका, एकटे. शर्टाची बटणं तशीच गळ्यापर्यंत, शिटी मात्र नव्हती. तिकडे नोकरी मिळाली नाही. सेफ्टी ऑफिसरला तिकडचा अनुभव हवा, तिकडचं सर्टिफिकेट हवं. एक हिवाळा त्यांनी गोदामात खोके उचलले. मग बायको-मुलीला तिकडे ठेवून ते पुन्हा दुबईला आले, जुन्याच मालकाकडे, कमी हुद्द्यावर. अनेकांनी तेच केलं होतं. आता ते दुबईतल्याच अल कुसैसला, कुटुंबाविना राहणाऱ्या पुरुषांच्या, तिथल्या भाषेत बॅचलर लोकांच्या, फ्लॅटमध्ये एका पलंगापुरत्या जागेत राहत होते आणि बसने करामाला आले होते.

"आणि सईचा वर्ग?" मी विचारलं.

ते खुर्चीवर बसले आणि अपघाताचा अहवाल द्यावा तसं त्यांनी सगळं सांगितलं, एकाही गोष्टीवर जोर न देता. शाळेच्या ऑफिसात एक भली बाई होती. मुलाखत वगैरे काही नव्हती. नाव लिहून घेताना तिने सहज विचारलं, घरी कुठली भाषा बोलता? काका म्हणाले, फ्रेंच. ओन्ली फ्रेंच, मॅडम. बाईला आनंद झाला. ती म्हणाली, मग तुम्ही चुकीच्या ठिकाणी आलात. हा वर्ग ज्यांच्या घरी फ्रेंच नाही, त्या मुलांसाठी आहे. फ्रेंच घरांसाठी वेगळ्या शाळा आहेत, तिकडे जा. तिने पत्ताही दिला.

तिकडे गेले. तिथे खरोखरच तीन माणसं टेबलापलीकडे बसली होती. त्यांनी वहिनीला फ्रेंचमधून काहीतरी विचारलं. वहिनी हसली. पुन्हा विचारलं, ती पुन्हा हसली. मग त्यांनी सईला विचारलं, आईशी तू घरी काय काय बोलतेस?

"आलं नाही तिला?" मी विचारलं.

"भाषा येत होती," काका म्हणाले. "सांगण्यासारखं काही नव्हतं."

तिथून नकार आला. काका परत पहिल्या शाळेत गेले आणि त्या बाईला म्हणाले, मॅडम, आमच्या घरी फ्रेंच नाही, आम्ही मराठी लोक आहोत. तिने वही उघडून बघितली. तोवर चौथीचा वर्ग भरला होता. नाव प्रतीक्षायादीत गेलं आणि यादीतच राहिलं. सई साध्या इंग्रजी वर्गात गेली.

"पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर एका मिनिटात काम होतं. मुलीला फ्रेंचचा एक शब्द आला नसता, तरी चाललं असतं. नव्हे, तेच हवं होतं." मग हातातल्या रिकाम्या कपाची कड बोटाने तपासली. "दारावर पाटी होती, वहिनी. मी ती वाचली नाही. मी माझीच पाटी घेऊन गेलो होतो."

मी चहा ओतला. त्यांनी घेतला नाही.

वहिनीशी माझं एकदा फोनवर बोलणं झालं होतं. ती एका बेकरीत कामाला लागली होती. मी म्हटलं, आता तरी सईशी मराठीत बोलत असशील. ती म्हणाली, "ताई, घरात मराठी बोलायचं म्हणजे अजून चोरी केल्यासारखं वाटतं. ती इंग्लिशमध्ये विचारते, मी हो-नाही करते. आणि इथं समोर भिंत आहे."

काका दर शुक्रवारी यायचे. दुबईतल्या दुपारी चारला कॅनडात सकाळ असते, सई शाळेला निघायची वेळ. आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर कार्डाचा टेलिफोन बूथ होता, तिथून ते फोन करायचे. घरातून करा म्हटलं तर नको म्हणायचे. एकदा मी भाजी घेऊन येत होते आणि ते बूथमध्ये उभे होते. सरळ ताठ, जवळजवळ सावधानमध्ये. फ्रेंच बोलत होते. एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. बोट वर. खूप वेळ थांबायचे. मग पुन्हा तेच वाक्य.

त्यांनी मला बघितलं आणि रिसीव्हर पुढे केला. "वहिनी, लाइन खराब आहे का बघता? मला तिकडून काही ऐकू येत नाही."

मी पिशवी खाली ठेवली. "सई? अगं मी समोरची मावशी."

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "मावशी? तुम्ही किचनमध्ये आहात?"

"नाही गं. खाली रस्त्यावर आहे."

"मग किचनमध्ये जा ना."

मी म्हटलं, "बरं, आले बघ किचनमध्ये. पोळ्या लाटतेय."

आणि ती बोलायला लागली. नऊ वर्षांच्या मुलीचं मराठी, अकरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून. बूट बर्फात अडकला तेव्हा ती मोज्यावर घरी आली. एक मुलगी रोज तिच्या डब्याला नाक मुरडते. खिडकीबाहेर खार येते. आईचा हात ओव्हनला लागून भाजलाय, पण बाबांना सांगू नका, ते रिपोर्ट लिहितील. काका माझ्यासमोर हातभर अंतरावर उभे होते. शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नसतील, पण तो झरझर आवाज रिसीव्हरमधून बाहेर सांडत होता, आणि ते त्याच्याकडे बघत होते. रिसीव्हरकडे, माझ्याकडे नाही. कार्ड संपलं आणि मध्येच सगळं बंद पडलं.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "लाइन चांगली आहे."

त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, वायर सरळ केली, आणि माझी भाजीची पिशवी उचलून जिना चढायला लागले.

पुढच्या शुक्रवारी ते आले ते फोनचं कार्ड घेऊन. कार्ड त्यांनी टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या स्वयंपाकघरातून लावाल का? ती दुपारी तिथेच यायची ना."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

त्यानंतर पुढली काही वर्षं, आम्ही दुबई सोडेपर्यंत, दर शुक्रवारी चारला मी स्वयंपाकघरातून सईला फोन लावत असे. कधी वहिनी घरी असली की तीही यायची, आणि मग पलीकडे त्या दोघीच बोलत बसायच्या, मी नुसता फोन कानाशी धरून. काका दारालगतच्या खुर्चीवर बसलेले असायचे, हात मांडीवर, मान किंचित आमच्याकडे. तिथून त्यांना एकच बाजू ऐकू यायची, माझी. मी मुद्दाम मोठ्याने बोलायचे: "काय म्हणतेस, खारीला पिल्लं झाली?" "अगंबाई, पहिली आलीस?" त्यांना तेवढं पुरायचं.

ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण रेवाच्या वर्गाची बातमी ऐकली आणि डोळ्यांसमोर आली ती खुर्ची.

एकदा मी रिसीव्हरवर हात ठेवून त्यांना हाक मारली होती. "अहो, या ना आत. आज चांगली रंगात आहे. बोला तिच्याशी, मराठीत बोला."

ते अर्धवट उठले. मग पुन्हा बसले.

"नको," म्हणाले. "माझा आवाज ऐकला की ती ड्रिलला उभी राहते."